खाण्याचं व्यसन आणि घरचाच फराळाचा धंदा: कुणी यातून गेलंय का?

चरईवाली

वजन उतरवायचे उपाय कृपया सुचवू नका. मेथीचं पाणी, सोळा तासांचा उपास, भात बंद, पोळी बंद, रात्री नुसतं सूप, सगळं करून झालंय. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. माझा प्रश्न दुसराच आहे.

वय सेहेचाळीस, ठाण्यात चरईत राहते. नवऱ्याची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यापासून घरून फराळ करून विकते. चकली, शेव, बेसनाचे लाडू, करंज्या, शंकरपाळे, कुणी आगाऊ सांगितलं तर अनारसे. गणपतीला गॅस पेटतो तो तुळशीचं लग्न लागेपर्यंत विझत नाही. घोडबंदर रोडच्या दोन-तीन सोसायट्या, नौपाड्यातली जुनी गिऱ्हाइकं आणि नातवंडांना अमेरिकेत पार्सल धाडणारे आजी-आजोबा. धंदा चांगला चाललाय. पंचाईत तीच आहे.

मी खाते. चव बघते असं म्हणत नाहीये, खाते. दुपारी अडीचच्या सुमाराला हाताखालच्या मावशी घरी जातात, सासूबाई आडव्या होतात, मुलगा कॉलेजात, नवरा पोचवायला बाहेर. मग मी ओट्यापाशी उभ्या-उभ्या सुरू होते. ताट घ्यायचं नाही, बसायचं नाही. विकता न येणारा माल मी एका स्टीलच्या डब्यात टाकते: मोडक्या चकल्या, शंकरपाळ्यांच्या कडेच्या वेड्यावाकड्या पट्ट्या, तळताना फुटलेल्या करंज्या. डबा "घरच्यांसाठी" असतो. घरच्यांनी त्यात कधी हात घातल्याचं मला आठवत नाही. तो संपला की पंचाईत होते, कारण चांगली चकली विकायची असते, तिला हात लावणं म्हणजे धंद्यात चोरी. मग पुढच्या घाण्यात झाऱ्याने काढताना एखादीला कडेला जरासं दाबते. मोडली की ती डब्याची झाली. हे आजवर मी कुणाला बोललेले नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही.

भूक म्हणाल तर नसते. तीन-चार चकल्यांनंतर चवही लागत नाही. टाळू सोलवटते, तरी हात जातो. बेल वाजली तर चूळ भरून, ओठ पुसून दार उघडते. रात्री सगळ्यांसोबत अर्धी पोळी खाते आणि सासूबाई म्हणतात, "खात तर काहीच नाहीस, आणि अंग बघ." दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून सकाळपासून फक्त चहा. संकष्टीला तर विचारू नका, दिवसभर कडकडीत, आणि चंद्रोदयानंतर जे सुरू होतं ते मोदकांवर थांबत नाही. आता नवरात्र तोंडावर आलंय. आमच्याकडे नऊ दिवस धरायची पद्धत आहे आणि नेमके तेच दिवस ऑर्डरींचे.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) ६.२ आलंय. डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, गोड टाळा. बरं म्हटलं आणि घरी येऊन लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं.

दारू सोडणारा माणूस गुत्त्याचा रस्ता टाळू शकतो. माझा गुत्ता माझ्या घरात आहे, मीच चालवते, आणि त्याच्यावर मुलाची फी निघते. शिवाय दारू पूर्ण सोडता येते, जेवण कसं सोडणार? माझे दोन प्रश्न. याला खरोखर व्यसन म्हणतात की मी नुसतीच खादाड आहे? आणि अन्नातच हात असताना यातून कुणी बाहेर आलंय का?

सडेतोड

ताई, राग मानू नका. हल्ली मोबाइलपासून चहापर्यंत सगळ्यालाच व्यसन म्हणायची फॅशन आली आहे. माझ्या आईने आयुष्यभर दहा घरांचा फराळ केला, देवाला दाखवल्याशिवाय कण तोंडात टाकला नाही. नैवेद्याचा नियम पाळा, मनाचा निग्रह ठेवा, आपोआप सुटेल.

चरईवाली

पहिला घाणा देवापुढेच जातो हो. माझा प्रश्न दुसऱ्या घाण्यापासूनचा आहे.

कोपरखैरणेकर

ताई, तुमच्या डब्याचं वाचलं आणि मी ऑफिसातून उठून खाली एक चक्कर मारून आलो.

माझा माल बेकरीचा. खारी, क्रीमरोल, नानकटाई. स्टेशनवर उतरलो की पाव किलो खारी घ्यायची आणि रिक्षा न करता चालत निघायचं, कारण चालता-चालता खाता येतं. घराअलीकडच्या कोपऱ्यावर कचरापेटी होती, पिशवी तिच्यात. घरी जाऊन पुन्हा जेवायचं, कारण "जेवलास का" या प्रश्नाला काय उत्तर देणार? बायको माहेरी गेली की ॲपवरून दोघांचं जेवण मागवायचो आणि खाली सूचना लिहायचो, "दोन चमचे पाठवा." पार्सल आणणारा पोरगा मला ओळखत नव्हता, पुन्हा कधी दिसणार नव्हता. तरी त्याला वाटलं पाहिजे की आत दोन माणसं आहेत. शेवटी शर्टाच्या खिशातला खारीचा चुरा बायकोला धुताना सापडला, आणि तोही एकदा नाही.

सडेतोड साहेब, निग्रहाबद्दल एवढंच. याच निग्रहावर मी सिगारेट सोडली, पुन्हा धरली नाही. खारीपुढे तो चालला नाही.

मला उपयोग झाला तो ओव्हरईटर्स अनॉनिमस या गटाचा. दारूवाल्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ची, तिच्याच बारा पायऱ्यांवर १९६०मध्ये लॉस एंजेलिसला हा गट सुरू झाला. फी नाही, वजनकाटा नाही, कुणी डाएट चार्ट हातात देत नाही. ऑनलाइन मीटिंगा असतात, आडनाव सांगावं लागत नाही. मी सुरुवातीला कितीतरी वेळा माइक बंद ठेवून नुसता ऐकत बसायचो. एक बाई म्हणाल्या की त्या स्वतःच्या मुलाच्या डब्यातला खाऊ रात्री खाऊन पहाटे नवीन करून ठेवतात, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या गावात मी एकटा राहत नाही. पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो. मी देव मानत नाही, त्या जागी मी गटालाच धरतो, कुणी हरकत घेतली नाही.

तिथे एक स्पॉन्सर मिळतो, म्हणजे आपल्याआधी वाटेला लागलेला माणूस. रोज सकाळी मी त्याला आज काय काय खाणार ते पाठवतो. तो बरं-वाईट काही बोलत नाही, "वाचलं" एवढंच लिहितो. तुम्हाला हसू येईल, पण सकाळी लिहून दिलेल्या यादीत खारी नसते, आणि संध्याकाळी बेकरीसमोर ती यादी आठवते. मैदा आणि साखर मी पूर्ण बंद केली आहे. गटाची तशी सक्ती नाही, ज्याने-त्याने आपलं ठरवायचं असतं. पण एक क्रीमरोल खाऊन थांबलेला मी मला माहीत नाही. मला एक म्हणजे डझन. मध्ये एका लग्नात घसरलो, पुन्हा उभा राहिलो, ते चालतंच.

तुम्हाला सुचवायचं तर ऑर्डरी, हिशेब, पॅकिंग, पोचवणं हे तुम्ही सांभाळा आणि तळणीला माणूस ठेवा. गोडाच्या ऑर्डरी काही काळ घेऊच नका.

चरईवाली

दोन चमच्यांचं वाचून घशात काहीतरी अडकलं. धन्यवाद, खरंच.

पण तळणीला माणूस ठेवणं परवडत नाही. आणि गिऱ्हाईक चकलीसाठी येतं ते माझ्या हातासाठी. मोहन किती गरम घालायचं, पीठ किती वेळ झाकून ठेवायचं, हे सांगून येत नाही. लाडू बंद केले तर दिवाळीचा निम्मा गल्ला गेला.

नेरूळची आहारतज्ज्ञ

मी आहारतज्ज्ञ आहे, खाण्याशी संबंधित मानसिक आजारांत मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करते. न बघता, न तपासता निदान करणं बरोबर नाही, तेव्हा ही सर्वसाधारण माहिती समजा.

आधी तुमचा पहिला प्रश्न. "अन्नाचं व्यसन" असं निदान डॉक्टरांच्या अधिकृत याद्यांत अजून नाही. संशोधक मात्र हे शब्द वापरतात. येल विद्यापीठाने २००९मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली काढली आणि २०१६मध्ये ती सुधारली. अधिकृत यादीत जे आहे त्याचं नाव बिंज इटिंग डिसऑर्डर. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या आजारांच्या यादीने २०१३मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. खुणा अशा: थोड्या वेळात नेहमीपेक्षा फार जास्त खाणं, आपण थांबू शकत नाही असं तेव्हा वाटणं, भूक नसताना खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं. असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. तुमच्या पोस्टमध्ये यातलं काय आहे आणि काय नाही ते तुम्हीच बघा. "खादाड" हा शब्द मात्र कुठल्याच यादीत नाही, तो सासूबाईंच्या यादीतला असावा.

आता डब्यापेक्षा मला जास्त खटकलं ते म्हणजे सकाळपासून नुसता चहा. अडीच वाजता तुम्ही ओट्याशी उभ्या असता तेव्हा भूक नाही असं तुम्हाला वाटतं, पण शरीराने आदल्या रात्रीपासून अर्धी पोळीच पाहिलेली असते. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. त्यांची स्वप्नं, गप्पा, वाचन सगळं अन्नाभोवती फिरू लागलं. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावर त्यांच्यातल्या काहींना पोट भरूनही थांबता येईना. ही माणसं खादाड म्हणून निवडली नव्हती. शिक्षेच्या उपासातून खाण्याचा पुढचा झटका तयार होतो, आणि झटक्यातून पुढची शिक्षा.

म्हणून उपचारात सगळ्यात आधी जे करतात ते ऐकून लोक नाराज होतात: वेळेवर खा. तीन जेवणं, दोन किंवा तीन मधली खाणी, मध्ये तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नको, आणि झटका येऊन गेला तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही. सोबत वहीत लिहायचं: किती वाजता, काय, कुठे, बसून की उभ्याने, आणि तेव्हा मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शिकेत बिंज इटिंगसाठी आधी याच पद्धतीचं मार्गदर्शनाखालचं स्वसाहाय्य सुचवलंय, ते पुरलं नाही तर सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीचं समुपदेशन. त्याच मार्गदर्शिकेत हेही सांगितलंय की या उपचाराचा वजनावर फारसा परिणाम होत नाही. हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत सांगते. काहीजण दुसऱ्या भेटीला येत नाहीत.

तुमच्यापुरतं, मावशी जायच्या आधी, साडेबाराला, बसून, ताटात वाढून जेवा. पोळी किंवा भाकरी, उसळ, भाजी, ताक. मग अडीच वाजता काय होतं ते बघा. जादू होणार नाही, पण फरक कळेल.

कोपरखैरणेकरांशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. पदार्थ कायमचे बंद केले की बऱ्याच जणांत त्यांचीच ओढ वाढते, म्हणून आम्ही हळूहळू तो पदार्थ ठरवून, बसून, चारचौघांत खायला शिकवतो. चारच्या चहाला सगळ्यांबरोबर बशीत एक चकली, अशा पद्धतीने.

खाल्ल्यावर उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. त्याने शरीरातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयावर बेततं.

कोपरखैरणेकर

मॅडम, तुमच्या ज्ञानाचा आदर आहे, पण बशीतली ती एक चकली माझ्यासाठी काडेपेटी आहे. ज्याला चालतं त्याला चालो. मला पहिलाच घास टाळणं सोपं जातं, दहावा टाळणं अशक्य.

नेरूळची आहारतज्ज्ञ

मान्य. दोन्ही वाटांनी सावरलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्याला बंदीने शांत वाटतं त्याच्या ताटात मी चकली ढकलत नाही. पण चरईवाली ताईंना भाजणी आणि बेसन आयुष्यभर हाताळायचं आहे, त्यांना बंदीची वाट अवघड पडेल असं मला वाटतं. दोघांनाही लागू पडणारं एकच सांगते, लपवणं कमी झालं पाहिजे.

ऐरोलीच्या डबेवाल्या काकू

बाई गं, मी तेवीस माणसांचे डबे देते आणि दिवाळीला फराळ. तुझा आजार मला नाही, पण तुझा धंदा मला कळतो, तेव्हा धंद्याचं ऐक.

तू चव बघतेस कशाला? चवीच्या नावाखाली हात जातो आणि मग तो परत येत नाही. मीठ, तिखट, तीळ, ओवा सगळं काट्यावर तोल. एकदा तुझी नेहमीची चकली कर, घातलेलं सगळं ग्रॅममध्ये लिही, कागद ओट्यावरच्या टाइलला चिकटव. पुढे त्या मापाने केलंस की चव बघायची गरजच नाही. अगदीच शंका आली तर मावशीने बघायची. माझ्याकडे शेजारची नववीतली पोरगी येऊन बघते, तिला ती नोकरी फार आवडते.

दुसरं, तो डबा. मोडकी चकली फुकटची समजतेस म्हणून ती पोटात जाते. तिला भाव लाव. मी पाव किलोची "तुकडा" म्हणून पाकिटं करते, चांगल्याच्या निम्म्या भावाला, खालच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवते. संध्याकाळपर्यंत कॉलेजची पोरं संपवतात. मोडलेल्या प्रत्येक चकलीचा हिशेब वहीत आला की दाबून मोडण्यात मजा राहणार नाही.

तिसरं, अडीच वाजता एकटी राहू नकोस. मावशीची वेळ बदल. सकाळी एक तास उशिरा बोलाव आणि साडेतीनपर्यंत ठेव. पैसे तेवढेच.

आणि गार झाला की माल लगेच सीलबंद कर. उघड्या परातीसमोर मी मी म्हणणारे पाघळतात.

पाचपाखाडी_०७

ती वजनाची इंजेक्शनं घेऊन बघा ना. माझ्या साहेबांची भूकच गेली, ऑफिसच्या पार्टीत सामोशाकडे बघतसुद्धा नाहीत.

नेरूळची आहारतज्ज्ञ

मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं २०२५मध्ये भारतात आली, त्यामुळे हा प्रश्न आता रोज येतो. ती मधुमेह किंवा स्थूलतेसाठीची औषधं आहेत, बिंज इटिंगसाठी त्यांना मान्यता नाही, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात. कुणाला डॉक्टर विचारपूर्वक देतीलही. पण साहेबांच्या फ्रिजमधलं इंजेक्शन उसनं घेऊ नका, असंही एक प्रकरण मी पाहिलंय.

नौपाड्याची_मीरा

ताई, ठाण्यातच आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. माझ्या भावाला तिथल्या समुपदेशनाचा उपयोग झाला, कारण वेगळं होतं, पण जायला लाज वाटणं सारखंच. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

चरईवाली

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, मध्ये ऑर्डरींमुळे यायला जमलं नाही.

काकू, तुमचा कागद टाइलला लागलाय. भाजणीच्या किलोला मीठ किती जातं हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ग्रॅममध्ये कळलं, तोवर मूठच माप होती. आणि तुकड्याची पाकिटं झेरॉक्सवाल्याकडे नाही, खालच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवली. खपतात.

मावशींना वेळ बदलायला सांगायची म्हणजे कारण सांगायला हवं. काहीतरी थाप मारणार होते, पण तोंडातून खरंच बाहेर पडलं. त्यांनी सोऱ्या खाली ठेवला नाही की काही नाही. म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. किलोला किती चकली उतरती ते काय मला कळत न्हाई? तेलाचाबी हिशेब लागत नव्हता. म्हटलं, तुमच्या घरचं तुमी बघाल." म्हणजे मी चूळ भरून दारं उघडत होते आणि या बाईला कधीपासूनचं ठाऊक होतं! राग आला, मग हसू आलं, मग दोघी कामाला लागलो. आता त्या साडेतीनपर्यंत थांबतात आणि साडेबाराला मला हाक मारतात, "चला, ताट घ्या." पहिले काही दिवस ते जेवण नकोसं व्हायचं. जेवल्यावरही खाल्लंच. पण उभ्याने आणि घाईने जे चालायचं ते उतरलंय हे नक्की. परवा संध्याकाळी घरात कुणी नसताना पुन्हा झालं, लाडवांच्या परातीपाशी. वहीत लिहिलं. रात्री जेवायचं नाही असं ठरवलं होतं, मॅडम, तुमचं वाक्य आठवून वरणभात खाल्ला.

नवरात्राचं सासूबाईंशी बोलले. डॉक्टरांनी उपाशी राहायला मनाई केलीय एवढंच सांगितलं. वाटलं होतं महाभारत होईल. त्या म्हणाल्या, "मग उठता-बसता कर, देवी काही काठी घेऊन उभी नाही." त्या दोन दिवसांत मॅडम, वरईचा भात आणि दाण्याची आमटी वेळेवर खाल्ली तर चालेल ना? टेंभी नाक्याला दर्शनाला मात्र जाणार, तिथल्या रांगेत उभं राहण्याइतकी ताकद हवी.

कोपरखैरणेकर, तुमच्या गटाची एक मीटिंग ऐकली, माइक बंद करून. इंग्रजी भरभर होतं, निम्मं समजलं. एक माणूस बोलता-बोलता रडला ते समजलं. पुन्हा ऐकेन. मैदा-साखर सोडायचं मात्र जमणार नाही, माझ्या हाताला रोज चिकटलेलं असतं ते.

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. घाई करा असं इथे कुणी म्हणू नका.

आणि समुपदेशकाची वेळ घेतली आहे. आम्ही ठाणेकर, "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद जन्मापासून ऐकत आलोय. म्हटलं, आपण तर आधीच ठाण्यात आहोत, बसचं तिकीटसुद्धा कमी लागेल.

सडेतोड

ताई, माझं आधीचं लिहिणं जरा जास्त झालं असेल. आईचा विषय निघाला म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही पोरं शाळेत गेलात की मीही खायची." पुढे काही बोलली नाही.

कोपरखैरणेकर

हिंदी मीटिंगची वेळ बघून कळवतो. मराठी कुठे असल्याचं मला माहीत नाही. दोन-चार माणसं जमली तर आपणच सुरू करू शकतो, गटाच्या नियमात ते बसतं.

नेरूळची आहारतज्ज्ञ

वरई आणि दाण्याची आमटी चालेल, फक्त नेहमीच्याच वेळांना आणि मध्ये ताक, फळ असू द्या. साबुदाण्याची खिचडी एकदाच आणि बेताने, साखर काठावर आहे म्हणून. परवाच्या प्रसंगानंतर तुम्ही वरणभात खाल्लात ते अगदी बरोबर केलंत.

चरईवाली

शेवटचं विचारते. समुपदेशकाकडे वही न्यायची आहे. ती तेलकट झालीय, अक्षर वाईट, काही पानांवर ऑर्डरींचे फोन नंबरही आहेत. नवीन वहीत नीट उतरवून काढू का? आणि एचबीएवनसी पुन्हा करायला सांगितलंय, त्याच दिवशी सकाळी उपाशी जाऊन उरकलं तर?

नेरूळची आहारतज्ज्ञ

उतरवू नका, आहे तशीच न्या. नीट लिहिताना माणूस नकळत दोन लाडू गाळतो. फोन नंबरांवर कागद चिकटवा. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा नाश्ता करून जा.